चंद्रकोरीचं कातरण: रेट आउस यांच्या कामाचं एक प्रकरण

गाडी सर्व्हिसिंगला टाकली होती आणि बसायला धड खुर्ची नव्हती, म्हणून हात पुसायच्या चिंध्यांच्या पोत्याशेजारी उभी होते. होजियरीची चिंधी, किलोवर मिळते ती. सवयीने चार तुकडे उचलून उलगडले, मग आणखी चार. निम्मेअधिक तुकडे एकाच आकाराचे निघाले: चंद्रकोर. टीशर्टचा पुढचा गळा कापला की आतून जी कोर खाली पडते, तीच. एक पोपटी, एक राखाडी, दोन नेव्ही, पण वळण तेच आणि लांबीही जवळपास तेवढीच. मेकॅनिकने विचारलं, “ताई, काही पडलं का त्यात?” म्हटलं, “नाही रे, बघतेय नुसती.” तो माझ्याकडे बघत राहिला.

मी फॅशनच्या मुलांना कपड्यांचं उत्पादन शिकवते. त्याआधी बरीच वर्षं एक्स्पोर्टच्या कारखान्यांत मर्चंडायझर होते, म्हणजे गिऱ्हाईक आणि कारखाना यांच्यामध्ये राहून ऑर्डर पार पाडणारी. शेवटच्या वर्षाची पाच-सहा मुलं दरवेळी ‘टाकाऊतून कपडे’ हा विषय घेतात आणि दरवेळी एक जाकीट तयार होतं. जुन्या जीन्सचे, आईच्या साडीचे, पडद्याचे तुकडे जोडलेलं. जाकीट बहुतेकदा देखणं असतं. मग परीक्षक विचारतात, “असंच दुसरं कधी देणार?” आणि मूल गप्प होतं. म्हणून वर्गात मी एस्टोनियाच्या रेट आउस यांचं प्रकरण काढते. एकेक नग घडवणारी डिझायनर हजारोंच्या उत्पादनात कशी शिरली आणि ते करताना तिच्या कामाचं स्वरूप किती बदललं, हे त्यात स्पष्ट दिसतं.

कपडेपट ते कारखाना

आउस यांचा जन्म १९७४ चा. एस्टोनिया म्हणजे बाल्टिक समुद्राकाठचा देश, लोकसंख्या साधारण तेरा लाख, १९९१ पर्यंत सोव्हिएत संघात. तालिनमधल्या एस्टोनियन कला अकादमीत त्यांनी फॅशनचं शिक्षण घेतलं. नाटक-सिनेमांचे कपडेपटही त्यांनी केले आहेत. ही पार्श्वभूमी मला महत्त्वाची वाटते. कपडेपटात जुना कोट उसवून नवा अंगरखा करणं ही रोजची गोष्ट असते, त्याला कुणी पर्यावरणरक्षण म्हणत नाही. तिथे पात्राला एकच कोट लागतो आणि तो एकाच नटाच्या मापाचा असतो. सापडलेल्या कापडाशी जुळवून घेणारा हात त्यातून तयार होतो. त्या हाताची मर्यादाही तिथेच ठरते, कारण दुसरा तसाच कोट कुणी मागत नाही.

दुसरी गोष्ट त्यांच्या देशाची. एस्टोनियाच्या पूर्व सीमेवर नार्वा शहरात क्रेनहोल्म नावाची अवाढव्य कापडगिरणी होती, १८५७ साली सुरू झालेली. एके काळी ती जगातल्या मोठ्या सूतगिरण्यांत गणली जायची. २०१० मध्ये तिचं दिवाळं निघालं. लालबाग-परळचे भोंगे बंद झालेले ज्यांनी पाहिलेत त्यांना यावर वेगळं सांगायला नको. कापड आणि शिलाई दोन्ही पूर्वेकडे सरकली होती. तालिनच्या दुकानात टीशर्ट पोचायचा तो घडी घालून, टॅग लावून. तो कापताना खाली पडलेलं सगळं ढाक्याच्या आसपास राहायचं.

‘ट्रॅश टू ट्रेंड’ या नावाने आउस यांनी २०११ मध्ये आपला पीएचडीचा प्रबंध त्याच अकादमीत सादर केला. वापरून फेकलेल्या किंवा उरलेल्या कापडातून नवा कपडा करण्याची पद्धत फॅशन डिझाइनमध्ये कशी आणायची, हा त्याचा विषय. प्रबंध लिहून बरेच जण थांबतात. आउस बांगलादेशात गेल्या.

कारखान्यात उरतं काय?

इथे जरा रेंगाळायला हवं, कारण ‘उरलेलं कापड’ हा शब्द फार ढोबळ आहे.

कापडाचे थर टेबलावर एकावर एक अंथरतात, त्याला ले म्हणतात. वर मार्कर, म्हणजे पुढा, पाठ, बाही हे सगळे भाग कमीत कमी जागेत बसवलेला नकाशा. मार्कर कितीही कसून केला तरी गळ्याची कोर, बगलेची पाचर, बाहीच्या डोक्याजवळचा त्रिकोण रिकामा राहणारच. ढोबळमानाने कापडाचा दहा ते वीस टक्के भाग असा खाली पडतो. हे खरं कातरण.

मग ठाणाची टोकं. ले अंथरताना शेवटी मीटर-दीड मीटर उरतं, त्यात पुरता थर बसत नाही. मग शेडचा घोळ. एकाच नेव्हीच्या दोन रंगाईंत किंचित फरक पडतो, गिऱ्हाईक तो माल घेत नाही आणि अख्खी ठाणं बाजूला पडतात. मग जास्तीचं कटिंग: हजार नगांची ऑर्डर असेल तर वाया जाणारे धरून तीन-पाच टक्के जादा कापतात, ते पुढे-पाठी तसेच बंडलात बसून राहतात. रद्द झालेल्या ऑर्डरी वेगळ्याच. कारखान्याच्या वहीत मात्र हे सगळं एका शब्दात आणि एका आकड्यात येतं: वेस्ट, इतके किलो.

हा किलोचा हिशेब किती फसवा असतो ते मी अंगावर घेतलंय. मी होते त्या एका युनिटला (नाव नको) परदेशी गिऱ्हाइकाने विचारलं, तुमच्या उरलेल्या कापडातून पाचशे पिशव्या देता का? आम्ही हो म्हटलं. गोडाउनात पोती भरून कापड पडलं होतं. वजन पाहिलं तर पाचशे सोडा, दोन हजार निघाल्या असत्या. पोती फोडली, दोन बाया तीन दिवस निवडत बसल्या. ट्विल वेगळं, पॉपलिन वेगळं, त्यात शेड वेगळ्या, त्यात पिशवीचा पुढा बसेल एवढा तुकडा वेगळा. कटिंग मास्तर येऊन ढीग पाहून गेले. म्हणाले, “मॅडम, यातनं पिशव्या होतील. पण पाचशे सारख्या नाय व्हायच्या.” झाल्या एकशे चाळीस. निवडायचा खर्च, बदलत्या तुकड्यांमुळे शिलाईला लागलेला वेळ आणि उरलेल्या पिशव्यांसाठी शेवटी आणलेलं नवं कापड धरलं तर त्या ऑर्डरीत आम्ही बुडालो. फुकटच्या कापडात बुडालो, हे मला अजून पटत नाही.

आपल्याकडे गोधडी शतकानुशतकं हेच काम करत आली, मग तिला हा त्रास का होत नाही? गोधडीला माप नसतं. जुनं लुगडं खाली अंथरलं की वर मिळेल तो तुकडा धावदोऱ्यात बसतो, तुकडा लहान असेल तर शेजारचा मोठा लागतो. टीशर्टला एस, एम, एल असतं. एमच्या हजार नगांत छाती तेवढीच भरली पाहिजे, धुतल्यावर तेवढीच आटली पाहिजे. वेगवेगळ्या रंगाईंतले होजियरीचे तुकडे एकत्र शिवले तर प्रत्येक तुकडा आपापल्या परीने आटतो आणि पहिल्याच धुण्यात शिवणीला वळ्या पडतात.

गाझीपूर

आउस यांनी २०१० च्या दशकात बेक्सिम्को या बांगलादेशी उद्योगसमूहाबरोबर काम सुरू केलं. बेक्सिम्कोचा वस्त्रोद्योग ढाक्याजवळच्या गाझीपूर जिल्ह्यात होता. सूत, कापड, रंगाई, शिलाई सगळं एका आवारात, मोठमोठ्या परदेशी ब्रँडांचं काम तिथे चालायचं, कामगार हजारोंच्या घरात. ही निवड मला फार मार्मिक वाटते. लहान कारखान्यात कातरण रोज बदलतं. अवाढव्य कारखान्यात एकच टीशर्ट लाखाच्या संख्येत कापला जातो आणि म्हणून एकच चंद्रकोरही लाखाच्या संख्येत पडते. फेकायच्या मालात इतका सारखेपणा दुसरीकडे कुठे मिळणार?

त्यांच्या पद्धतीचा गाभा असा: कारखान्यात चालू असलेल्या ऑर्डरींमधून कुठलं कापड, कुठल्या आकारात आणि किती उरतं याचा आधी अभ्यास करायचा. मग त्या आकारांना धरून कपडा आखायचा आणि तो त्याच कारखान्यात, शिलाईच्या त्याच लाइनींवर शिवायचा. पुढे याच पद्धतीला त्यांनी अपमेड नावाच्या प्रमाणपत्राचं रूप दिलं. त्यात स्टॉकहोम एन्व्हायर्न्मेंट इन्स्टिट्यूटच्या तालिन केंद्राचा सहभाग आहे. नगामागे किती पाणी आणि किती कार्बन वाचला याचा हिशेबही मांडला जातो. हा हिशेब नव्याने विणलेल्या कापडाच्या तुलनेत असतो, हे मी मुलांना आवर्जून सांगते. तो टीशर्ट विकतच घेतला नाही तर काय वाचलं असतं, हा आकडा कुठल्याच लेबलावर छापलेला नसतो.

इथे डिझायनरचं काम उलटं होतं. नेहमी आपण चित्र काढतो, मग कापड मागवतो. इथे कापडाची यादी आधी येते: अमुक रुंदीच्या इतक्या पट्ट्या, तमुक शेडची ठाणाची इतकी टोकं. पूर्ण पुढा निघेल एवढा तुकडा कातरणात क्वचितच असतो, त्यामुळे अंगात कुठेतरी जोड येणार हे धरूनच चालायचं. प्रश्न उरतो तो जोड कुठे घ्यायचा आणि प्रत्येक नगात तो तिथेच कसा ठेवायचा. जोड छातीखाली ठरलेल्या उंचीवर असेल, तर लाइनीवरची बाई पहिल्या पन्नास नगांनंतर न बघता शिवते. तो नगागणिक हलला तर प्रत्येक नग नवा, आणि सुपरवायझर तासाभरात लाइन बंद करतो. आमच्या मास्तरांचं म्हणणं हेच होतं. कातरणातला कपडा वेडावाकडा दिसेल याची धास्ती कारखान्याला नसते, वेडावाकडा शिवावा लागेल याची असते.

कापड मिळवतानाही दोन अडचणी असतात आणि त्या फॅशनच्या पुस्तकांत सहसा भेटत नाहीत. पहिली मालकीची. ऑर्डरीचं उरलेलं कापड कारखान्याचं की ब्रँडचं? ब्रँडचा छाप किंवा खूण असलेलं कापड दुसऱ्या कुणाच्या अंगावर दिसलेलं त्यांना चालत नाही. शिवाय बाँडखाली, म्हणजे निर्यातच करायच्या हमीवर, बिनशुल्क आणलेलं कापड असेल तर त्याच्या प्रत्येक किलोचा जाब कस्टमला द्यावा लागतो. दुसरी अडचण बाजाराची. बांगलादेशात या कातरणाला झुट म्हणतात आणि झुटचा धंदा मोठा आहे. गादी-उशा भरायला, पुन्हा सूत करायला, बॉयलरमध्ये जाळायला ते जातं. कुठल्या कारखान्याचं झुट कोण उचलणार यावर स्थानिक पुढारी आणि त्यांच्या माणसांची पकड असते, त्यावरून मारामाऱ्या होतात. म्हणजे कारखान्याच्या फाटकाबाहेर गेलेलं कातरण डिझायनरच्या हाती निवडून-सवरून परत येईल ही आशाच नको. ते पकडायचं तर फाटकाच्या आत, कात्री खाली ठेवायच्या आधी पकडावं लागतं. आउस यांनी नेमकं तिथेच पाय रोवला, आणि मला वाटतं या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय तोच आहे. बाकी सगळं त्याच्या मागून आलं.

तीस हजारांचा गळा

पद्धत टिकते का हे एका मोठ्या ऑर्डरीने दाखवलं. एस्टोनियात दर पाच वर्षांनी लाउलुपिडु हा गाण्याचा उत्सव भरतो. पहिला १८६९ मध्ये तार्तु शहरात झाला, आता तो तालिनच्या मैदानावर होतो. एका वेळी तीस हजारांच्या आसपास गायक उभे राहतात. सोव्हिएत अमलाखाली ज्या देशाने आपली भाषा गाण्यांतून जपली आणि ज्याच्या स्वातंत्र्यलढ्याला गाणारी क्रांती हेच नाव पडलं, त्या देशात या उत्सवाचं मोल काय असेल ते वेगळं सांगायला नको. २००३ मध्ये युनेस्कोनेही त्याची दखल घेतली.

२०१४ च्या उत्सवाचे टीशर्ट आउस यांनी कारखान्यातल्या उरलेल्या कापडातून केले. उत्सवाची तारीख ठरलेली असते, ती पुढे ढकलता येत नाही. टीशर्ट सगळ्या मापांत लागतात, शाळकरी पोरापासून आजोबांपर्यंत. एक नग सुंदर आणि दुसरा बरा असं चालत नाही, कारण लोक शेजारी शेजारी उभे राहतात आणि फरक लगेच दिसतो. माझ्या वर्गातल्या जाकिटाला परीक्षक जो प्रश्न विचारतात, त्याचं उत्तर इथे संख्येत मिळालं.

वाद घालण्यासारखं

मुलांना हे प्रकरण आवडतं, त्यामुळे त्यातल्या फटी दाखवणं मला भाग पडतं.

टीशर्टच्या खर्चात निम्म्याहून जास्त वाटा कापडाचा असतो. कापड जवळपास फुकट मिळालं की वाढलेली शिलाई भरून निघते, असं गणित आहे. पण ते गणित शिलाईच्या मजुरीवर उभं आहे. २०१३ च्या एप्रिलमध्ये ढाक्याजवळच्या साभारला राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळली, १,१३४ माणसं गेली. त्यानंतर त्या वर्षाच्या शेवटी तिथल्या कपडे कामगारांचं किमान मासिक वेतन ३,००० टकांवरून ५,३०० टका झालं. एक जादा शिवण तालिनमध्ये मारायची असती तर किती पडली असती? कातरण वाचवणं बांगलादेशात परवडतं याचं एक कारण तिथला हात स्वस्त आहे, हे आहे. आउस यांच्या कामाला यामुळे उणेपणा येतो असं मी म्हणणार नाही. त्यांच्या कामावर २०१५ मध्ये आलेला माहितीपट या कारखान्यांपर्यंत प्रेक्षकाला घेऊन जातो. पण विद्यार्थी जेव्हा नगाची किंमत काढतात, तेव्हा मजुरीचा आकडा त्यांनी अंदाजपंचे टाकलेला मी चालवून घेत नाही.

दुसरी फट मजेशीर आहे. कारखान्याने मार्कर सुधारला, रंगाई नीट केली, जादा कापणं थांबवलं, तर कातरण घटतं आणि या डिझायनरचा कच्चा मालच आटतो. म्हणजे तिचा खरा विजय तिच्या धंद्याच्या मुळावर येणारा. एका विद्यार्थ्याने यावर विचारलं होतं, “मग त्या मनातून कारखाना सुधारावा असं म्हणतात की सुधारू नये?” वर्ग हसला. मी म्हटलं, गळा गोल आहे तोवर कोर पडणार, तू काळजी करू नकोस.

तुलनेसाठी मी लंडनच्या क्रिस्टोफर रेबर्न यांचं नाव घेते. २००६ ला रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधून बाहेर पडून त्यांनी लष्कराच्या शिल्लक मालातून कपडे करायला घेतले: पॅराशूट, तंबू, वैमानिकांसाठी रेशमावर छापलेले नकाशे. २०११ मध्ये ब्रिटिश फॅशन अवॉर्डसमध्ये पुरुषांच्या कपड्यांसाठी उदयोन्मुख डिझायनरचा सन्मान मिळाला, २०१८ मध्ये टिंबरलँड या बूट-कपड्यांच्या ब्रँडने जागतिक क्रिएटिव्ह डायरेक्टर नेमलं. त्यांच्याकडेही यश मिळालं ते सारखेपणाच्या बळावर. लष्कर जे काही घेतं ते एकाच प्रतीचं, एकाच मापाचं आणि ढिगाने घेतं. फरक इतकाच की पॅराशूटला स्वतःची एक गोष्ट असते, गिऱ्हाईक त्या गोष्टीचेही पैसे मोजतं आणि जाकीट महाग विकता येतं. गळ्याच्या कोरीला गोष्ट नाही. तिचा टीशर्ट टीशर्टच्याच भावात विकावा लागतो. म्हणून मला आउस यांची वाट जास्त अवघड वाटते, आणि प्रसिद्धी मात्र उलट वाटली गेली आहे.

तिसरी फट काळाने दाखवली. ऑगस्ट २०२४ मध्ये बांगलादेशातली सत्ता उलथली. बेक्सिम्कोचे उपाध्यक्ष सलमान रहमान हे पायउतार झालेल्या पंतप्रधानांचे सल्लागार होते, त्यांना अटक झाली. समूहाची आर्थिक घडी विस्कटली आणि फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस गाझीपूरचे कापड-कपड्यांचे कारखाने बंद करण्यात आले. हजारो कामगार रस्त्यावर आले. फाटकाच्या आत उभं राहून काम करायचं ठरवलं की फाटकाला कुलूप लागण्याचा धोकाही अंगावर घ्यावा लागतो. आउस यांची पद्धत कागदावर आहे, प्रमाणपत्रात आहे, तालिनच्या तेलिस्किवी भागातलं त्यांचं दुकान आहे. पण कुठल्याही पद्धतीला शेवटी एक कटिंग टेबल लागतं.

यंदाच्या बॅचमधल्या एका मुलीने हे प्रकरण जरा जास्तच मनावर घेतलं. उल्हासनगरला जीन्सचं जॉबवर्क करणाऱ्या एका ओळखीच्या युनिटमध्ये ती तीन दिवस जाऊन बसली, मेजर टेप आणि भाजीवाल्याकडे असतो तसा वजनकाटा घेऊन. परत आली तेव्हा वहीत एकही स्केच नव्हतं. आसनाच्या वळणाजवळ पडणाऱ्या तुकड्यांची लांबी-रुंदी, कुठल्या मापाला किती पडले, दुपारच्या ले मध्ये सकाळपेक्षा ते कमी का निघाले, हे पानंच्या पानं लिहिलं होतं. शेवटच्या पानावर टाचणीने एक तुकडा टोचला होता, अजून स्टार्चने कडक.

“यातून काय करणार आहेस?” मी विचारलं.

“मॅडम, अजून दोन ऑर्डरींचं कटिंग बघते, मग सांगते.”